अर्धा फेरा

ओझरच्या हँगरात सकाळी साडेसहाला
पान्यांचा ट्रे उघडला की
निफाडची अख्खी थंडी आधीच येऊन बसलेली असते त्यात.
मी दहाचा पाना काखेत धरते
जरा माणसात येईपर्यंत.

विमान जॅकवर. चाकं जमिनीपासून वीतभर अधांतरी.
शेपटीला सिमेंट भरलेलं पिंप.
वैमानिकाने तक्रारवहीत लिहिलंय, घाईच्या अक्षरात:
चाकं आत घेतली की डावीकडून घुं घुं. वेगही कमी.

पगारसाहेब म्हणतात, दार असणार.
इंजिन असं कुजबुजत नाही, इंजिन सरळ भांडतं.
(आडनाव पगार, आणि वर्षानुवर्षं तोच उशिरा.
हा विनोद ते स्वतःच करतात, दुसऱ्याला करू देत नाहीत.)

पहिल्या वर्षी मी लावलेलं दार
पंखाच्या पोटाशी इतकं सपाट बसलं होतं
की बोटाला सांधा लागत नव्हता.
मी उभी, शाबासकीची वाट बघत.
त्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली,
फटीत धरून दार मिटायला लावलं
आणि पट्टी ओढली.
आली की निघून, लोण्यातून केस यावा तशी.

मिटलेलं दिसतं, खैरनार, मिटलेलं नाहीये.
इथे हवा झोपलीय. वर ती आतून ढकलते, बाहेरून ओढते.
जमिनीवर जरा हट्टानेच लावायचं दार.

मग मी हट्ट केला. रॉडला दीड फेरा, एका दमात.
स्विच वर. मोटर कण्हली. चाक आत वळलं
आणि दाराने टायरच्या गालावर
ओढला काळा चकचकीत ओरखडा.
ते ओरडले नाहीत.
गणपतीतली उरलेली शाडू डब्यात ठेवलेली असते त्यांच्या,
त्यातली सुपारीएवढी गोळी टायरला चिकटवून म्हणाले,
आता हिला विचार किती जागा उरली.
गोळीचा पापड झाला होता.

अर्धा फेरा. स्विच. बघ.
पुन्हा अर्धा. स्विच. बघ.
आधी दार उघडतं, मग चाक शिरतं, मग दार मिटतं,
या रांगेत कुणी घुसलं तर कुणाचंच खरं नाही.
रॉडच्या टोकाला सुईएवढं भोक, त्यात तार घालून बघायची:
आरपार गेली तर आटे पुरेसे धरलेले नाहीत,
कितीही घट्ट वाटू दे.
मग चेकनट. मग बिजागरीची पिन हलवून बघणं,
रिव्हेटभोवती काळी धूर-रेघ आहे का बघणं,
आणि हाताच्या दांड्याने, वीज नसल्यासारखं,
चाकं एकदा खाली आणणं, मोजत, दमत.

दिंडोरीला त्यांच्या घरचं न्हाणीचं दार
पावसाळ्यात फुगतं, लाथ मारून लावतात.
काकू म्हणाल्या, ह्यांना सांग ना गं तू तरी.

आज साहेब स्टुलावर. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
सही आता माझी चालते.
तरी उठून येतात, अंगठा फिरवतात सांध्यावरून,
हळू, मागून पुढे,
आणि एका जागी थांबतात.
इथे.
मला टॉर्चमध्येही दिसलं नव्हतं.
अर्धा फेरा. नाही, त्याहून कमी. पाव.
पट्टी घातली. ओढली.
फाटली.

दहाला विमान वर गेलं, चांदवडच्या डोंगरांकडे.
चाकं पोटात गेली, आधी डावं, मग उजवं, की मला तसं वाटलं.
खालून काही ऐकू येत नाही, तरी आम्ही दोघं मान वाकडी करून
ऐकत राहिलो.

चाळीस मिनिटांनी वैमानिक उतरला,
हेल्मेट नाही, टोपीच काढली, विचारलं, चहा झाला का सगळ्यांचा?
दाराबद्दल एक अक्षर नाही.
पगारसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेने.

पट्टीचा अर्धा तुकडा अजून डगल्याच्या खिशात आहे.
कुणाच्या तरी हळदीकुंकवाचं निमंत्रण होतं ते,
वार आणि वेळ माझ्याकडे,
पत्ता
विमानाबरोबर गेला असावा.