कंपनीची गाडी

कुताइसीत, टायरवाल्याच्या दुकानावर
दोन खोल्या, तीच आमची कंपनी.
खाली कॉम्प्रेसर सुरू झाला
की वर ग्वांत्सा हेडफोन काढून ठेवते
आणि आम्ही सगळे गप्प बसतो,
वडीलधारं कुणी खोलीत आल्यासारखे.
आवाजाचं काम रात्री अकरानंतर.
भाडं परवडतं ते त्यामुळेच.

हिशेब माझ्याकडे.
शाळेची चौकटीची वही, मागे पाढे छापलेले.
डावीकडे येणे, उजवीकडे देणे.
डावी पानं कोरी करकरीत,
उजवीकडे समासातही जागा नाही:
दिवे, नूगझारच्या मेव्हण्याच्या लग्नमंडपातले,
शुक्रवारी परत, कारण शनिवारी लग्न.
जेवण, त्सिसानाकाकू, घेवड्याची उसळ अकरा जणांपुरती;
माणसं सोळा.
नायिका दातांच्या दवाखान्यात नोकरीला,
म्हणून तिचे प्रसंग फक्त रविवारी,
म्हणून आमच्या सिनेमातलं गाव
कायम सुट्टीवर असल्यासारखं दिसतं.
एका परीक्षकांनी याला
‘साचलेला काळ’ म्हटलं.
आम्ही मान डोलावली.

आणि निवा. पांढरी, एक दार निळं.
कॅमेरा तिच्यातून यायचा, पाव तिच्यातून यायचे,
पहिल्याच दृश्यात कथेतला बाप
तिच्यातूनच घर सोडून गेला.
मार्चमध्ये कॅमेऱ्याचं भाडं थकलं.
बादरी, आमचा दिग्दर्शक,
किल्ली माझ्या वहीवर ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.
राचातल्या एका मधपाळाने घेतली गाडी.
एल्गुजा. त्याने दिलेल्या नोटा
एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

बाप परत येतो, ते दृश्य राहिलं होतं.
विकताना आम्हाला माहीत होतं ते.
या धंद्यात आधी आजचा दिवस काढतात.

मे महिन्यात आम्ही डोंगर चढून गेलो,
आपलीच गाडी भाड्याने मागायला.
बापाचं काम करणारा नट तोवर
पोलंडला ट्रक चालवत होता.
एल्गुजा म्हणाला, भाडं नको,
पण गाडी मी चालवणार.
क्लचची काय दशा केलीत ते पाहिलंय मी.

मग बाप तोच. पाठमोरा.
बादरीने समजावलं:
फाटकाशी थांबायचं, दोनदा हॉर्न, मग उतरायचं.
तो थांबला.
इंजिन बंद केलं.
हॉर्न नाही.
दोन्ही हात चाकावर, नजर घरावर,
आणि घर आम्ही नुसतं शोधलेलं, कुणा भलत्याच माणसाचं.
‘कट’ म्हणायला बादरीने तोंड उघडलं;
ग्वांत्साने हात वर केला.
मागच्या सीटवर तो उतरवायला विसरलेली
मधमाश्यांची पेटी होती.
तेवढीच गुणगुण. पाऊण मिनिट.
आम्ही श्वासही जपून घेतला.

नंतर विचारलं, हॉर्न का नाही वाजवला?
म्हणाला, वाजत नाही.
तुम्हीच विकलीत ना?

प्रदर्शनाला सत्तावीस तिकिटं,
त्यात सहा एल्गुजाच्या घरची.
पडद्यावर त्याची मान आली
तेव्हा बायको अंधारात मोठ्याने म्हणाली,
कॉलरला इस्त्री तरी करायचीत!
लोक हसले. मग पेटीचा आवाज आला
आणि थांबले.

डाव्या पानावर पहिली नोंद:
मध, दोन बरण्या.
एक खाली दिली, टायरवाल्याला,
एप्रिलच्या भाड्यापोटी.