ओळखीची खूण

बिडवेकाकूंनी माझं कार्ड चष्म्याजवळ धरून वाचलं,
'चीफ ऑफ स्टाफ',
आणि संध्याकाळी बाही वर सारूनच आल्या:
"स्टाफ म्हणजे नर्सच की. बघ बरं बीपी."
मी नाही म्हटलं नाही.
दुसऱ्या दिवशी गंजगोलाईतून मशीन आणलं.

तसं माझं काम सांगायला अवघडच.
औसा रोडला, टायरच्या दुकानावर आमची कंपनी;
खाली पंक्चर काढतात, वर सर्व्हर पडतो.
डॉक्टर हालगे बोलतात, मी लिहून घेते,
ते बोलायचे राहिले तेही लिहिते,
आणि सोमवारी त्यांना ते आपलंच वाटतं.
पगाराची फाइल, गुंतवणूकदारांचा बिनसाखरेचा चहा,
ओवैसची सुट्टी, जिल्हा परिषदेतली अडकलेली सही,
दोघं भांडले की मधली खुर्ची.
ज्या कामाला कुणाचं नाव नाही
त्याला माझं.

बुधवारच्या स्लाइडवर आकडा होता:
रुग्णवाहिका वेळेत, शंभरात सत्त्याण्णव.
हिरवा, ठळक. मीच ठळक केलेला.

त्या सत्त्याण्णवांत लोहारा तालुक्यातली एक होती.
नाव गाळते.
गाडी गावात पोचली अठराव्या मिनिटाला,
नकाशावरचा ठिपका हिरवा झाला,
आमचं घड्याळ थांबलं.
गाडी थांबली नाही.
भूकंपानंतर बसवलेलं गाव ते,
ओळीमागं ओळ, दारासमोर तसंच दार,
पत्र्यावरचे नंबर उन्हानं खाल्लेले.
दुपारची वेळ, माणसं रानात,
ड्रायव्हर विचारणार कुणाला?
आणखी एकतीस मिनिटं.
बाई वाचली.
त्या रकान्यात एवढंच मावतं.

मी गेले तेव्हा आशाताई, मैनाबाई सुरवसे,
पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर बसून
आमचं ॲप भरत होत्या.
"हितंच येती रेंज, ते बी वारं असलं तर."
मांडीवर वही. मी मागितली.
त्यांनी आधी पदरानं पुसली, मग दिली.
पत्ते असे होते:
निळं दार, खालून कुजलेलं.
मोडक्या मळणीयंत्राच्या पलीकडं.
शेळी भिंतीवर चढती ते घर.
कडी वाजवून उपेग नाही, सासू बहिरी,
खिडकीतून हात दाखवा.

"हे तुमच्या मोबाइलात कुठं टाकावं, मॅडम?
तिथं जागाच नाही."
तक्रार नव्हती. पिशवी कुठं ठेवू, असं विचारावं
तसं विचारलं.

परतताना औशापर्यंत मी काही बोलले नाही.

ओवैस म्हणाला, रकाना वाढला की फॉर्म जड होतो.
डॉक्टर म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू.
मी दोन्ही लिहून घेतलं.
रात्री स्लाइडवरून सत्त्याण्णव काढला,
कोरी चौकट राहू दिली,
आणि बैठकीआधी दहा मिनिटं
डॉक्टरांच्या केबिनचं दार लावून म्हटलं:
आपलं घड्याळ वेशीवर थांबतं, सर.

ते पेनाचं टोपण लावत, काढत राहिले.
कंपनीच्याही आधीची सवय असेल,
एकदम विचारलं, "बाळ?"
मी मान हलवली.
कशी हलवली ते त्यांनी पाहिलं.

बैठकीत तेच बोलले, वेशीवरच्या घड्याळाचं,
माझ्यापेक्षा बरं बोलले.
इतिवृत्तात मी लिहिलं:
'डॉ. हालगे यांनी निदर्शनास आणले की...'
खोटं नाही ते.

रकाना आता आहे. 'ओळखीची खूण'. ऐच्छिक.
पहिलीच नोंद टाकीवरून आली,
शुद्धलेखन सुधारायला निघालेल्या ओवैसचा
हात मी धरला:
'निळ दार. आता हिरवा रंग दिलाय.
पन विचारताना निळच म्हना.'