वटणावळ

दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर
मी रियालचा दर लिहिते.
तारीख, वार, आणि तीन रकाने:
मोबाईलवर दिसतो तो,
मस्कतच्या काउंटरवर नागोजीला मिळतो तो,
आणि वडगावच्या बँकेत पैसे पडल्यावर
भागाकार करून मी काढते तो.
तिघांचं कधी जुळत नाही.
पहिला नुसता बोलण्यापुरता.
दुसऱ्यात काउंटरवाल्याचं पोट.
तिसरा खरा,
पण तो कळतो तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी.
फाटक्या नोटा बदलून आणल्या की म्हणत,
"वटणावळ, पोरी. बदललं की झडतंच थोडं.
किती झडलं तेवढं लिहून ठेवायचं."

नागोजी उद्यमबागला लेथवर होता,
अर्ध्या सुताचा फरक त्याला बोटांना कळायचा.
तिकडेही तेच लोखंड,
फक्त पगाराला दशांशानंतर तीन घरं.
हजार बैशांचा एक रियाल.
आमच्या रेवतीने शाळेत तसंच गणित मांडलं,
बाईंनी लाल रेघ मारली.

कारखान्यात फोन नेता येत नाही.
त्यांची अकराची चहाची सुट्टी, तेव्हा आमचे साडेबारा.
तेवढ्यात मी सांगायचं: आज पाठव, नाहीतर थांब.
हळूहळू गल्लीच यायला लागली.
दिनारवाल्यांसाठी एक रकाना, दिरहमवाल्यांसाठी एक.
मागावरून उठून शिवलीला येते, तिचा भाऊ नागोजीच्याच खोलीवर.
"अक्का, इवत्तु एष्टु?"
"इन्नूर हदिनेळु," मी म्हणते,
आणि तिच्या मागे उभ्या कुसुमकाकूंना, "दोनशे सतरा."

एकदा आठ दिवस पैसे कुठेच नव्हते.
त्याच्या कागदांवर किणयेकर,
माझ्या पासबुकात कन्नडातून इंग्रजीत जाताना
एक य गळालेला.
मस्कत म्हणालं, ही बाई ती नव्हे.
बँकेतले हिरेमठ भले गृहस्थ,
त्यांनी फॉर्म स्वतः भरून दिला,
तरी य परत यायला आठ दिवस लागले,
आणि तेवढ्यात दर सव्वा रुपयाने उतरला.
दोनशे ऐंशी रियालांवर साडेतीनशे.
वहीत त्या ओळीपुढे मी लिहिलं: य चे पैसे.

दर चढला की गल्लीत सगळ्यांची तोंडं गोड.
शिवलीलाच्या सासऱ्यांनी एकदा कट्ट्यावरून विचारलं,
रियाल वर गेला म्हणता,
की आपला रुपया खाली गेला?
कुणी उत्तर दिलं नाही.
त्याच आठवड्यात तेलाचा डबा
नव्वद रुपयांनी महागला.
तो मी वहीच्या पुढच्या बाजूला लिहिला, दुधाशेजारी.

श्रावणापासून कंपनीने पगार दिलेला नाही.
हे नागोजीने सांगितलं नाही,
शिवलीलाने सांगितलं, मागाचा धोटा हातात धरून.
मला कळलंय,
हे मीही त्याला सांगितलेलं नाही.

साडेबाराला फोन वाजतोच.
"काय करूलीस?"
"दर लिहूलेव."
"किती आज?"
"दोनशे अठरा, चाळीस पैसे."
त्याच्या मागे आता यंत्रांची घरघर नसते.
कुणीतरी खोलीत भांडी घासत असतं,
नळ चालू, मग बंद.
"वाढूलाय की," तो म्हणतो.
"व्हय."
"मग थांबूया अजून जरा?"

तिसऱ्या रकान्यात दोन महिने नुसत्या रेघा आहेत.
मी आजची ओढते, सरळ,
रेवतीची पट्टी घेऊन.
"थांबूया," म्हणते. "घाई काय हाय?"