नेस्टाच्या कपाटात

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं कपाट कुणालाच नको होतं.
जिन्यातून उतरेना, म्हणून दोर लावून खिडकीतून उतरवलं.
तीन हिवाळे ते शेडमध्ये उभं होतं
डांबरगोळ्यांचा वास धरून,
एखादी बाई श्वास धरून उभी राहते तसं.

त्याचंच खुराडं करायचं गेथिनच्या डोक्यात आलं.
महिनाभर दारं सताड उघडून पावसात ठेवलं,
आणि पाऊस काय, वेल्समध्ये मागावा लागत नाही.
कोटांची दांडी काढून गुडघ्याइतकी खाली बसवली.
शेजारचा यॉरवर्थ कुंपणावरून बघत होता.
चाळीस वर्षं खाणीत पाटीचा दगड फोडलेला माणूस,
बोलतो तेही छिन्नी मारल्यासारखं.
"गोल दांडी नको. चपटी कर.
थंडीत बोटं पिसांखाली झाकता आली पाहिजेत."
गेथिनने रंधा मारला.
"आणि जाळी जमिनीत हातभर पुर.
कोल्हा वाचत नाही, पण उकरतो."

शनिवारी चर्चच्या पटांगणात ट्रक आला.
बहात्तर आठवडे पिंजऱ्यात अंडी घालून
हिशेबातून उतरलेल्या कोंबड्या
माणशी पाच, केळ्यांच्या खोक्यातून.
मॅबलीने तिच्या मांडीवरच्या खोक्याला विचारलं,
"तुला गाडी लागते का?"

गळ्याला पिसं नाहीत. तुरे फिके, एका बाजूला कललेले.
गवतावर सोडल्या तर हलेनात.
एक पाय उचलून तसाच धरून ठेवला एकीने,
खालचं हिरवं खरं आहे की नाही, ठरेपर्यंत.
आम्हीही तशाच उभ्या, तिघी-तिघं,
हातात पुस्तकातून उतरवलेली यादी,
आणि यादीत हे कुठेच नव्हतं
की संध्याकाळ म्हणजे काय हे त्यांना माहीत नसेल.

दिवा कधी विझलाच नव्हता ना तिथे.
अंधार पडला तशा त्या कपाटाच्या कोपऱ्यात
एकीवर एक चढून बसल्या, विटांच्या ढिगासारख्या.
यॉरवर्थ म्हणाला, "उचला. दांडीवर ठेवा.
रोज. शिकतील."
मग रोज.
एकेक गरम, हलकी, आश्चर्य वाटेल इतकी हलकी,
छातीशी धरायची, दांडीला पायाचा तळवा टेकवायचा,
बोटं आवळली जाईपर्यंत थांबायचं.
पाच वेळा.
मॅबली कंदील धरायची, मोठ्याने मोजायची.

अकराव्या दिवशी चौथी सकाळी उठली नाही.
कारण काही नाही. यॉरवर्थ म्हणाला, थकलेली होती.
करवंदासारख्या काळ्या मनुकांच्या झुडपाखाली पुरलं,
छपराची एक फुटकी पाटी वर ठेवली.
मॅबलीने खडूने नाव लिहिलं, रात्रीत ते पावसाने नेलं,
तिने परत लिहिलं.
रडली नाही. फक्त त्या संध्याकाळी मोजताना
तीननंतर एकदम पाच म्हणाली.

म्हण आहे, कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही.
आमच्याकडे झाकायला कोंबडाच नव्हता,
तरी उजाडत गेलं.
मानेवर काटेरी नवी पिसं आली, पेनाच्या निबांसारखी.
एकीने मातीत अंघोळ केली आणि मी धावले,
मला वाटलं झटका आला.
अंडी मिळाली, हो, मिळाली;
एक गेथिनच्या बुटात, एक जाळीबाहेर,
एक पातळ कवचाचं, हातात घेताच मऊ.

मग ऑक्टोबरात एकदा मला उशीर झाला.
शाळेतली सभा लांबली, डोव्हीवर धुकं,
घाटात गाडी गोगलगाईसारखी.
पळत मागच्या अंगणात गेले, कंदील न घेताच,
कपाटाचं दार चाचपलं,
आत हात घातला उचलायला

आणि त्या दांडीवर होत्या.
चारही. आपल्या आपण.
एकीने झोपेतच कुरकुर केली, कोण आहे म्हणून.

मी दार लावलं. कडी दोनदा बघितली.
वर मॅबलीच्या खोलीत दिवा होता,
ती आता दात घासून स्वतःच झोपते,
कधीपासून ते लक्षात नाही.
थोडा वेळ तिथेच थांबले,
हात कुठे ठेवावेत ते सुचेना,
म्हणून खिशात घातले. एका खिशात गव्हाचे दाणे होते.