दुखू दे

रायबंदरच्या धक्क्याला फेरीची फळी नीट टेकायच्या आतच
कुणा स्कूटरवाल्याला घाई झाली.
एवढंच, डॉक्टर, खुशाली म्हणाला.
बाकीचं मला दिसतच होतं:
मासळीच्या खोक्याचं झाकण, त्यावर
लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांनी बांधून आणलेला तांडेल.
असं बांधायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

कुत्र्याचे पुढचे पाय हवेत पोहत होते.
मागचे, शेजाऱ्यानं ठेवायला दिल्यासारखे.

चिमट्यानं मी मागच्या बोटाचं हाड दाबलं.
पाय आखडला. हालयलो, खुशाली ओरडला.
त्याला कसं सांगू, पाय आपापला हलतो,
वर खबर न देता,
दोरानं बांधलेली होडीसुद्धा हलतेच की.
मला मान वळायला हवी होती. दात दिसायला हवे होते,
माझ्या मनगटात रुतले तरी चालतील.
मी आणखी दाबलं.
बावीस वर्षं दुखणी घालवून पोट भरतेय मी
आणि मेरशीच्या त्या टेबलाशी एकच धोशा:
दुखू दे याला. देवा, दुखू दे.

उशिरा, फार उशिरा
त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं माझ्याकडे.
रागानंच असावं.
मी भुलेची सुई भरायला घेतली.

बरगड्या संपतात तिथला मणका
खालच्यावरून घसरलेला.
ड्रिल, हाडाचा जळका वास,
लोर्ना थेंब थेंब सलाइन सोडत होती
हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ होईतो.
शेवटचं टरफल उचलताना खोलीत कुणीच श्वास घेतला नाही,
घेत होता तो फक्त तांडेल, नळीतून.
खाली गुठळी, जांभळाच्या गरासारखी.
ती काढली तेव्हा मज्जारज्जू दिसला:
करंगळीहून बारीक, ओला, मळकट पांढरा.
एवढ्याशा वाटेनं जायचं सगळं.
धावणं, शेपूट, लघवीची वेळ.
सुजला होता. तुटला नव्हता.
सहा पिना, त्यांवर सिमेंट. घट्ट होताना ते तापतं,
म्हणून पुन्हा थंड पाणी, पुन्हा लोर्ना.

बाहेर खुशालीला मी आकडे सांगू लागले,
शंभरातले किती उठतात, किती नाही.
फेरीत किती गाड्या मावतात ते विचार, बाय, म्हणाला,
हे आकडे मला नकोत.

मग चार-चार वेळा त्याचं मूत्राशय हातानं पिळणं,
टॉवेलची झोळी, कुशी बदलणं,
दोन पाळ्यांच्या मधे, डिझेलच्या वासाच्या बोटांनी.

नवव्या आठवड्यात चोडणला निघाले होते.
तांडेल फळीशी उभा. उभाच म्हणायचं.
डावा पंजा उलटा पडतो अजून,
लोखंडावर नखांच्या रेघा.
खुशाली वाकतो, पंजा सुलटा करतो, मग दोर सोडतो,
जसं हेही नोकरीतलंच काम.
मी सवयीनं बोट दाबलं.
तो गर्रकन वळला, गुरगुरला माझ्यावर.

दुखता ताका, खुशाली म्हणाला,
घरात पोर झाल्याचं सांगावं
तशा आवाजात.