उजवी अनामिका

तळहातात आधी एक गाठ आली,
वाटाण्याएवढी. दुखत नव्हती,
म्हणून मी लक्ष दिलं नाही.
गुनवोरने दिलं.
दर सप्टेंबरात ती माझ्या हातांची मापं घ्यायची,
लोकरीच्या धाग्यानेच,
आणि त्या वर्षी अनामिकेपाशी
धागा जरासा कमी लागला.

मग गाठीची दोरी झाली,
कातडीखाली ताणलेली, बोट धक्क्याशी बांधतात तशी,
आणि दर हिवाळ्यात कुणीतरी ती आवळत राहिलं.
ख्रिस्तियानसुनच्या बंदरात मी फेरीवर तिकिटं फाडायचो.
सुट्टे पैसे त्या हातात छान राहायचे,
पळीत राहावेत तसे.
पण तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं,
खिशात हात घालावा तर तो तोंडाशीच अडायचा,
आणि कुणी हात पुढे केला की मी डावा द्यायचो.
लोकांना वाटायचं, शिष्ट आहे.
आजोबांचं असंच होतं. विचारलं की म्हणायचे,
झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली.

गुनवोर कधी म्हणाली नाही, दवाखान्यात जा.
तिने विणकाम बदललं.
पायमोज्याला टाच काढतात ना,
तशी हातमोज्याच्या अनामिकेला, सांध्यावर, एक टाच काढली.
सहा हिवाळे, सहा जोड,
प्रत्येकाची उजवी अनामिका आधीच्याहून वाकडी.
ओळीने मांडले तर
एक हात सावकाश मिटताना दिसतो.
सातव्या जोडातला डावाच झाला होता.

पुढच्या वसंतात मी मोल्डेची बस धरली.
विणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून.

डॉक्टर नेस्सेट माझ्या नातीच्या वयाची.
हात मेजावर सपाट ठेवा, म्हणाली.
तळव्याखालून मांजराचं पिल्लू गेलं असतं.
हे औषध एका जिवाणूपासून काढतात,
तो मांस विरघळवून खातो,
आपण त्याची फक्त भूक उसनी घेतो.
हे तिने इतक्या सहज सांगितलं, जणू पावाची कृती.
सुई तीनदा, त्याच दोरीत, तीन जागी.
ओरडायचं तर ओरडा, नर्स म्हणाली.
मी हवामानाबद्दल बोललो.

रात्री लॉजवर हात वांग्यासारखा जांभळा,
काखेत अवधाण आलेलं,
आणि आत, तळव्यात, काहीतरी निवांत जेवत होतं.

दुसऱ्या दिवशी बधिर करून तिने बोट धरलं
आणि मागे ओढलं.
गाजर मोडावं तसा आवाज.
कातडी थोडी फाटली. नर्स म्हणाली, अरे वा.
बोट सरळ होतं, माझ्याकडे बघत होतं,
फार दिवसांनी भेटलेल्या चुलतभावासारखं, ओळख न देता.
मी हात मेजावर ठेवला.
मेज गार होतं.
सगळं, पार मधल्या खळग्यापर्यंत, गार.

चार महिने रात्री फळी बांधून झोपा, डॉक्टर म्हणाली.
पुन्हा वाकू शकतं. सगळ्यांचं नाही, बऱ्याच जणांचं.
किती वर्षांत? मी विचारलं.
तिला वाटलं, मी घाबरलो.

घरी येऊन मोजे काढले.
सहाव्यात बोट जाईना, टाचेपाशी अडलं.
पाचव्यात, चौथ्यात, तेच.
तिसऱ्यात गेलं असतं, जोर केला असता तर.
मी जोर केला नाही.
पहिल्यात सरळ गेलं,
पण त्याला कसर लागली होती, अंगठा अर्धा खाल्लेला.

दुकानातले आणलेत आता, काळे. कपाटात आहेत.
परवा धक्क्यावर आर्नल्योतने हात पुढे केला
आणि मी उजवा दिला. तो म्हणाला,
केवढा गार आहे रे तुझा हात.
मग हात खिशात घातला.
पहिल्यांदाच तळापर्यंत गेला.
तिथे शिवण उसवलेली होती,
चार बोटं आरपार जातील एवढी.