जुन्या गोव्यातलं दार

राजवाडा गेला, चौकट राहिली.
काळे दगड, थोड्या पायऱ्या,
पलीकडे गवत आणि झोपलेलं कुत्रं.

बाबा सुतार. त्यांनी आधी
बिजागरीची खाच शोधली,
करंगळी घालून म्हणाले,
"आत उघडत असणार. जडच."

सायेश धावत आत गेला, बाहेर आला,
आत, बाहेर, आत,
मग मध्येच थांबून विचारू लागला,
आता मी कुठे?

आई पायऱ्या चढलीच नाही.
चपला हातात घेऊन,
गवतातून वळसा मारून
सगळ्यांच्या आधी पोचली पलीकडे.
"समोरून का नाही आलीस?"
"सवय गो," ती म्हणाली,
आणि पावाची पुरचुंडी सोडली.

बाबा अंदाजाने पावलं मोजत आले.
"मुदपाकखाना इथेच कुठेतरी," म्हणाले,
तिच्याकडे न बघता.